कमी तापणारे, कमी तापवणारे घर: गोव्यातल्या बांधकामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्याच्या माझ्या आर्किटेक्ट ऑफिसात पहिल्या भेटीला येणारी कुटुंबे, वास्तुकला शिकणारी मुले आणि व्हॉट्सअॅपवर गळक्या स्लॅबचे फोटो पाठवणारे ओळखीचे, या सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत आणि शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हवामान बदल गाड्या आणि कारखान्यांमुळे होतो. त्यात घराचा काय संबंध?

घर दोनदा कार्बन सोडते. एकदा बांधताना आणि मग राहायला गेल्यावर वर्षानुवर्षे. जगात ऊर्जेशी संबंधित जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्याचा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा इमारती बांधण्यातून आणि वापरण्यातून येतो. एकट्या सिमेंटचा वाटा जगाच्या उत्सर्जनात सुमारे ७ ते ८ टक्के आहे.

सिमेंटचे एक कोडे समजून घ्यायला हवे. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मागे चुना उरतो. सिमेंटच्या एकूण उत्सर्जनापैकी निम्म्याहून जास्त भाग असा थेट दगडातून येतो, कोळशातून नाही. त्यामुळे उद्या भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो थांबणार नाही. पोलादाचे गणित आणखी जड: एक टन सळी बनवताना दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कारखान्याचा धूर म्हणतो तो कुणासाठी तरी निघालेला असतो. त्यातला बराचसा आपल्या जोत्यात आणि स्लॅबमध्ये येऊन बसतो.

वापराच्या बाजूने पाहिले तर ग्रिडमधून येणाऱ्या दर युनिटमागे आज देशात साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. हा आकडा पुढच्या उत्तरांत पुन्हा लागेल.

२. शेवटी मालक म्हणेल तसेच बांधायचे असते. आर्किटेक्टच्या हातात खरोखर किती असते?

पहिल्या भेटीत सगळ्यात जास्त असते आणि नंतर दर आठवड्याला ते कमी होत जाते. घर किती मोठे, जुने ठेवायचे की पाडायचे, छप्पर कसले, टेकडी कापायची की तिच्या उतारावर बसायचे, हे चार निर्णय पहिल्या दोन-तीन भेटींत ठरतात. त्यानंतर उरते ते काचेचा प्रकार, रंग, पंखे. त्यानेही फरक पडतो, पण थोडा.

म्हणून मी पहिल्या भेटीत प्लॅन काढत नाही. घरात रोज झोपणारी माणसे किती, चवथीला किती जमतात, पाहुण्यांची खोली वर्षातून किती दिवस उघडते, हे विचारते. पाच बेडरूम मागणाऱ्या कुटुंबाला बहुतेकदा तीन बेडरूम आणि एक मोठा, मोकळा सोपा (ओसरी) पुरतो. चवथीची पंगत सोप्यावरच बसते आणि रात्री गाद्याही तिथेच पडतात. न बांधलेल्या दोन खोल्यांचे सिमेंट, सळी, फरशी, एसी सगळे एकदम वाचते. असे कोणतेही महागडे तंत्रज्ञान मला माहीत नाही जे एका बैठकीत एवढे वाचवून देईल.

३. आजोबांचे घर मोडकळीला आले आहे. पाडून नवे बांधणे सोपे नाही का?

सोपे असेलही, पण आधी कौले उतरवून पाहा. डिचोली तालुक्यातले एक घर माझ्याकडे पाडण्यासाठीच आले होते. आत गेल्यावर कुबट वास, भिंतीवर ओलीचे नकाशे, एका कोपऱ्यात आढे खाली वाकलेले. घरच्यांनी मनाने ते घर सोडून दिले होते. आम्ही पाऊस संपल्यावर कौले काढली आणि सुताराने हातोडीच्या दांड्याने एकेक वासा ठोकून पाहिला. चांगला वासा खणखणतो, कुजलेला नुसता ठप्प वाजतो. बहुतेक सगळे खणखणले. कुजलेले वासे होते ते दोन छपरे मिळतात त्या पन्हळीखाली, आणि तेही फक्त टोकाला. पन्हळीचा पत्रा कित्येक पावसाळे फुटका होता आणि बाकीचे दुखणे त्यातून आले होते. पन्हळ बदलली, टोके जोडली, वाळवीचा बंदोबस्त केला, भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा खरवडून चुन्याचा केला. घर उभे आहे.

जुन्या भिंतींसाठी आणि लाकडासाठी लागायचा तेवढा कार्बन केव्हाच लागून गेला. ते घर पाडले की तो वाया जातो, वर डेब्रिज कुठेतरी सखल जागेत टाकले जाते आणि नव्या घराचा कार्बन पहिल्याच वर्षी एकदम हवेत जातो. नवे घर विजेची कितीही बचत करो, त्या बचतीतून ही उसनवारी फिटायला बरीच वर्षे लागतात.

अडचणी खऱ्या आहेत आणि मी त्या लपवत नाही. वाटेकरी पाच-सहा असतात, एक मुंबईला, एक पोर्तुगालला, आणि सगळ्यांच्या सह्या मिळेपर्यंत छप्पर आणखी खचते. शाकारणी करणारी माणसे कमी झाली आहेत. माकडे कौले फोडतात. पण यातल्या एकाही अडचणीचा उपाय जेसीबी नाही. निदान सह्या मिळेपर्यंत पन्हळी आणि फुटकी कौले सांभाळा. गोव्यातले घर जाते ते पाण्यामुळे, आणि पाणी वरूनच येते.

पाडावे कधी? पाया खचून भिंती उभ्या चिरल्या असतील, किंवा आधीच्या कुणी जुन्या भिंतींवर न झेपणारा स्लॅब चढवला असेल आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर धोका सांगत असेल, तर पाडा. तेव्हाही चिरे, वासे, दारे, खिडक्या मोजून उतरवा आणि वापरा.

४. चिरा चांगला की सिमेंटचा ब्लॉक? हल्ली हलके एएसी (राख-सिमेंटचे फुगवलेले) ब्लॉकही सांगतात.

तळमजला किंवा वर एक मजला एवढे घर असेल तर माझे उत्तर चिरा. चिरा म्हणजे जांभा दगड, तो भाजावा लागत नाही. जमिनीतून कापून निघतो तेव्हा मऊ असतो, हवेवर कडक होतो. वीटभट्टी नाही, ऑटोक्लेव्ह (एएसी ब्लॉक पक्के करणारी वाफेची दाबभट्टी) नाही, कार्बन लागतो तो कापणीचा आणि ट्रकचा.

पण गोव्यात चिरा वापरण्याची जी पद्धत रुळली आहे ती मला सलते. आधी काँक्रीटचे कॉलम-बीम उभे करायचे आणि मग मधल्या जागा चिऱ्याने भरायच्या. म्हणजे घराचे वजन पेलू शकणारा दगड नुसता पडदा म्हणून वापरायचा. लहान घर चिऱ्याच्या भारवाहक भिंतींवर उभे राहते. भूकंपाचा विचार करून जोते, लिंटेल (दार-खिडक्यांचा माथा) आणि छपराच्या पातळीला काँक्रीटचा सलग पट्टा द्यायचा आणि इंजिनिअरकडून तपासून घ्यायचे. कॉलमच्या बरोबरीने त्यांचे फुटिंग (पाया) आणि सळीही वाचते.

चिऱ्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. परवानगी नसलेल्या खाणी सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) जिथे तिथे आहेत, आणि काम संपल्यावर उघडे टाकलेले खड्डे पावसात भरून जीवघेणे होतात. पुरवठादाराकडे खाणीच्या परवान्याचा कागद मागा. पाडलेल्या घरांचे जुने चिरे मिळाले तर ते सर्वांत उत्तम.

चार-पाच मजली इमारतीत गोष्ट बदलते. तिथे फ्रेम लागणारच, आणि चिऱ्याच्या वजनामुळे बीम-कॉलम जाड होतात. एएसी ब्लॉक हलके असल्याने सळी कमी लागते. मात्र त्यात लागणारी राख गोव्यात तयार होत नाही, कारण इथे कोळशावरचे मोठे वीज केंद्र नाही. म्हणून वाहतुकीचा हिशेब धरा. शिवाय हे ब्लॉक पाणी शोषतात. पहिल्या पावसाआधी बाहेरचा गिलावा झालाच पाहिजे.

५. चिऱ्याची भिंत उघडी ठेवली तर छान दिसते आणि गिलाव्याचे सिमेंटही वाचते. ठेवावी का?

उत्तर हवे असेल तर जुन्या गोव्याला जाऊन बॉम जेझुस बासिलिकेच्या भिंती जवळून पाहा. तिचा बाहेरचा गिलावा १९५०च्या दशकात काढला गेला. आज ती तांबडी भिंत गोव्याची ओळख झाली आहे, पण पावसाचा मारा बसणारा दगड झिजतो आहे आणि गिलावा परत द्यावा का यावर चर्चा चालू आहे. जांभा सच्छिद्र असतो. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलताना त्यातला मऊ भाग धुऊन जातो.

म्हणून नियम छपरावरून ठरवा. छपराची वळचण चांगली बाहेर आली असेल, जोते उंच असेल आणि ती भिंत नैऋत्येची नसेल, तर उघडी ठेवा आणि सांधे नीट भरा. नैऋत्येच्या माऱ्यातली भिंत मात्र चुन्याने झाका. निव्वळ सिमेंटचा कडक गिलावा आणि वर प्लास्टिक पेंट टाळा, त्याने आत गेलेली ओल बाहेर पडत नाही आणि पोपडे सुटतात. सिमेंट, चुना आणि रेती १:१:६ या प्रमाणात घेतले तर मसाला चिऱ्याला मानवतो आणि सिमेंटही कमी लागते. चुना वाळताना हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतो, ती अधिकची कमाई.

६. कौल की स्लॅब? सगळे म्हणतात स्लॅब टिकाऊ.

या प्रश्नावर मी सर्वांत जास्त बोलते, कारण गोव्यात घर तापते ते मुख्यतः डोक्यावरून. आपण साधारण साडेपंधरा अक्षांशावर आहोत. मे महिन्याच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. एप्रिल-मेमध्ये छपरावर जेवढे ऊन पडते तेवढे कुठल्याही भिंतीवर पडत नाही. पाच इंची स्लॅब ते दिवसभर पितो आणि रात्री नऊ-दहाला, नेमकी झोपायची वेळ झाली की, खोलीत ओततो. पंखा लावला तर तो छताजवळची गरम हवाच खाली ढकलतो. मग एसी येतो.

कौलाचे छप्पर हलके. तापते लवकर, पण सूर्य कलला की निवतेही लवकर, आणि कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. मंगळुरी कौलाचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला काढला. त्याआधी आपल्याकडे कुंभारी नळे होतेच. दीडशे वर्षांहून जास्त काळ या पावसात कसाला लागलेली ही वस्तू आहे. कौल भाजावे लागते हे खरे, पण त्याखाली सळी आणि काँक्रीट लागत नाही.

माझी एक चूक सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला मी एका कुटुंबाला सपाट गच्चीचे घर दिले. नकाशात सुंदर दिसत होते. दुसऱ्या पावसाळ्यात कोपऱ्यातून गळती लागली, तिसऱ्या पावसाळ्याआधी त्यांनी लोखंडी सांगाडा उभा करून वर पत्रे घातले. त्या घराला दोन छपरे झाली, खर्च दुप्पट आणि कार्बनही दुप्पट. त्या रस्त्याने जाताना आजही तो पत्रा दिसतो. तेव्हापासून सपाट स्लॅब मागणाऱ्याला मी आधी आजूबाजूची घरे दाखवते. ज्या गच्चीवर पत्रा नाही अशी किती दिसतात ते मोजा.

आता एक फसवा प्रकार. उतरता काँक्रीट स्लॅब ओतायचा आणि त्यावर सिमेंटच्या मसाल्यात कौले चिकटवायची. बाहेरून घर जुन्या गोव्याचे दिसते. पण स्लॅबचे सिमेंट-सळी लागलीच, आणि कौलाखालची हवा बंद झाल्यामुळे कौलाचा गुण गेला. स्लॅब हवाच असेल, चोरांची भीती असेल किंवा माकडांचा त्रास असेल, तर स्लॅबवर रीपा मारून कौले सुटी बसवा. मधली हवा खालून वर वाहती ठेवा, म्हणजे माथ्याला आणि वळचणीला उघडी. कौल फुटले तर नुसते उचलून बदलता येते.

७. आमचा स्लॅब आधीच झाला आहे. आता काय करता येईल?

बरेच काही. सर्वांत स्वस्त म्हणजे गच्ची पांढरी करणे, पांढरे परावर्तक रंग किंवा फुटक्या चिनी फरशीचा थर देऊन. गोव्यात एक अट लक्षात ठेवा: पावसाळ्यात शेवाळ धरून गच्ची काळी होते. ऑक्टोबरमध्ये घासून धुतली नाही तर मेमध्ये रंगाचा उपयोग नाही.

पत्र्याचे छप्पर घालणारच असाल तर फिक्या रंगाचे घाला, स्लॅबपासून चांगले उंच ठेवा आणि बाजू बंद करू नका. मग ते छत्रीचे काम करते. बाजू बंद करून खोली केलीत तर ती भट्टी होते, आणि परवानगीचा प्रश्न वेगळाच. सोलर पॅनेल लावायचे असतील तर तीच छत्री होऊ शकते (प्रश्न ११).

केंद्र सरकारची २०१८ची इको निवास संहिता छपरातून आत येणाऱ्या उष्णतेचा दर (यू-व्हॅल्यू) १.२ वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्विनच्या आत ठेवायला सांगते. उघडा स्लॅब याच्या दुपटीहून जास्त उष्णता आत सोडतो. आपल्या आर्किटेक्टला हा आकडा विचारा.

८. कोणते सिमेंट मागावे? कंत्राटदार म्हणतो ओपीसी (साधे, काही न मिसळलेले सिमेंट) लवकर घट्ट होते आणि आम्हाला चवथीच्या आधी घरात जायचे आहे.

घरासाठी पीपीसी किंवा पीएससी मागा. पीपीसीमध्ये १५ ते ३५ टक्के राख असते, पीएससीमध्ये २५ ते ७० टक्के लोखंडाच्या झोतभट्टीची मळी. जेवढी राख किंवा मळी, तेवढे क्लिंकर (चुनखडी भाजून केलेला सिमेंटचा मूळ माल) कमी. ओपीसीच्या ५० किलोच्या पिशवीमागे साधारण ४० किलोच्या पुढे कार्बन डायऑक्साइड धरा, निम्मी मळी असलेल्या पीएससीमध्ये तो जवळपास अर्ध्यावर येतो. किनाऱ्याजवळ पीएससीचा आणखी एक फायदा: खारे वारे आत शिरून सळी गंजण्याला ते जास्त काळ तोंड देते. चुनखडी आणि भाजलेल्या मातीच्या नव्या मिश्र सिमेंटसाठीही २०२३ मध्ये भारतीय मानक आले आहे, दुकानात दिसले तर विचार करा.

कंत्राटदाराचे म्हणणे खोटे नाही. मिश्र सिमेंट सावकाश बळ धरते. क्युरिंग (काँक्रीट ओले ठेवणे) ७ ऐवजी निदान १० दिवस हवे आणि टेकू काढायची घाई नको. चवथीची तारीख वर्षभर आधी माहीत असते, तिच्या मागे मोजत वेळापत्रक करा आणि स्लॅब मार्चपर्यंत ओता. भर पावसात ओतलेल्या स्लॅबची रेती आधीच भिजलेली असते, वर मिक्सरवाला सवयीने नेहमीएवढेच पाणी घालतो, आणि काँक्रीट कायमचे कमजोर होते.

ज्या कामात सळी लवकर गंजते ते काम कितीही हिरवे म्हटले तरी फुकट. किनाऱ्याच्या हवेत सळीवर ४५ मिलिमीटर कव्हर (काँक्रीटचे आवरण) आणि निदान एम ३० प्रतीचे काँक्रीट, असे मानक सांगते. साईटवर जाऊन कव्हर ब्लॉक स्वतः बघा.

९. प्लॉट पश्चिमेला समुद्राकडे उघडतो. तिकडे पूर्ण काच लावली तर?

तर दुपारी तीननंतर पडदे ओढून समुद्राकडे पाठ करून बसाल. पश्चिमेचे ऊन खालून, तिरके येते, आडव्या छज्जाने ते अडत नाही. पण दुपारचा वारा त्याच बाजूने येतो आणि पावसाची झडही. जुन्या घरांनी ही तिढ्याची जागा पडवीने आणि बाल्कांवने (दारापुढची बसायची ओटी) सोडवली होती: खोल सावली, मागे मोठी दारे, दारांना झडपा. तेच करा. आठ फूट पडवी द्या आणि काच तिच्या आत घ्या. समुद्र दिसतो, वारा येतो, ऊन पडवीत संपते.

उत्तरेबद्दल सर्वांचा एक समज आहे की तिकडून ऊन येतच नाही. गोव्यात मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दहा-बारा तारखेपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. ऐन मेमध्ये उत्तरेची खिडकीही छज्जा मागते.

दमट हवेत माणसाला थंडावा देतो तो अंगावरून जाणारा वारा. इको निवास संहितेत आपल्यासारख्या उष्ण-दमट भागासाठी उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र खोल्यांच्या क्षेत्राच्या निदान १६.६६ टक्के, म्हणजे सहावा हिस्सा सांगितले आहे. सरकत्या काचेची खिडकी निम्मीच उघडते, हे हिशेबात धरा. आणि हवा शिरायला जशी जागा हवी तशी समोरून निघायलाही हवी.

१०. एवढे करूनही एप्रिल-मेमध्ये एसी लागतोच. मग तो लावू नये का?

लावा. घरात वृद्ध माणूस किंवा आजारी मूल असेल तर नक्की लावा. पण एका खोलीत लावा, ती नीट बंद होणारी असू द्या, आणि २४ ऐवजी २६ वर ठेवून पंखा चालू ठेवा. एका अंशामागे साधारण ६ टक्के वीज वाचते. पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घ्या. जुना पंखा ७५ वॅट खातो, हा ३० च्या आसपास.

ज्याकडे कुणी बघत नाही ती गोष्ट म्हणजे एसीतला वायू. हवामानावरचा परिणाम मोजायचा तर आर-३२ चा एक किलो गळला म्हणजे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे, आर-४१०ए चा २०८८ आणि जुन्या आर-२२ चा १८१०. दीड टनी तीन-स्टार इन्व्हर्टर एसी वर्षात १६०० तास चालला तर हजार युनिटच्या आसपास वीज खातो, म्हणजे सुमारे ७०० किलो. याचा अर्थ एकदा पूर्ण गॅस गळणे हे जवळजवळ वर्षभराच्या विजेएवढे आहे. किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेने कॉइल लवकर गंजतात. बाहेरचे युनिट सावलीत आणि झडीबाहेर ठेवा, वर्षातून दोनदा गोड्या पाण्याने धुवा. आणि दर वर्षी गॅस भरून जाणाऱ्या मेकॅनिकला आधी गळती शोधायला सांगा.

११. सोलर लावले की हिशेब चुकता झाला ना?

विजेचा बराचसा होतो, सिमेंटचा नाही. ३ किलोवॅटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला १२ युनिटच्या आसपास देतो. जुलैत खूप कमी, मार्चमध्ये जास्त. वर्षाला सुमारे तीन टन कार्बन डायऑक्साइड टळतो. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट आणि त्यावरच्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. जरूर लावा.

माडाची सावली पॅनेलवर पडते म्हणून माड तोडायचा का, असेही विचारतात. नको. ती सावली भिंतीवर आणि अंगणातही पडते. पॅनेलची जागा बदला.

१२. ग्रीन रेटिंग घेतलेली इमारत म्हणजे चांगलीच ना?

‘गृह’ (GRIHA), आयजीबीसी यांसारख्या हरित इमारतींच्या रेटिंगमुळे मोठ्या प्रकल्पात मोजमापाची शिस्त येते, ते चांगले. पण टेकडी कापून उभ्या केलेल्या प्रकल्पालाही गुण मिळवता येतात. रेटिंगच्या आधी प्रश्न १३ विचारा.

१३. उतारावरचा किंवा शेताकडचा प्लॉट स्वस्त मिळतो आहे. घ्यावा का?

आर्किटेक्ट म्हणून माझी इथे एक रेघ ठरलेली आहे. खाजनात किंवा भातशेतीत भराव टाकून होणारे काम मी घेत नाही. खाजन म्हणजे बांद आणि मानशींनी (भरतीचे पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या दारांनी) पिढ्यान्‌पिढ्या राखलेली जमीन. भरतीचे आणि पावसाचे पाणी तीच सामावून घेते. तिथे भराव पडला की पाणी शेजारच्या वाड्यात जाते. आणि तो भराव येतो कुठून? कुठल्यातरी टेकडीतून. एका घरापायी दोन जागा जातात. टेकडी कापणे आणि सखल जमीन बुजवणे यावर नगर नियोजन कायद्याच्या १७अ कलमाचे बंधन आहे, पण कायदा नसता तरी माझे उत्तर हेच असते.

उतार सौम्य असेल तर घर पायऱ्यापायऱ्यांनी बसवा, जमीन सपाट करू नका. जांभ्याचे सडे पाऊस पितात आणि खालच्या झरी-विहिरींना पोचवतात. सड्यावर बांधताना मोकळ्या जागेत पेव्हर घालू नका.

पाण्याचा विषय निघाला आहे तर तेही सांगते: १०० चौरस मीटर छपरावर वर्षाला सुमारे तीन लाख लिटर पाऊस पडतो. पहिल्या दोन-तीन पावसांचे पाणी सोडून द्या, मग गाळून विहिरीत घ्या. टँकर कमी येतील, त्यांचे डिझेलही वाचेल.

१४. लाकूड वापरा म्हणता, म्हणजे झाडेच तोडायची ना?

जुने लाकूड आधी. ते संपले तर शेतीत लावलेले फणस, साग. झाड तोडण्याची परवानगी घेऊन आणि त्या जागी लावून. लाकूड घरात राहते तोवर झाडाने ओढलेला कार्बन त्यात राहतो. बांबू तर तीन-चार वर्षांत तयार होतो, आणि २०१७च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेरचा बांबू कायद्याने झाड राहिलेला नाही. बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवल्याशिवाय मात्र वापरू नका, भुंगा महिन्यांत पोखरतो. आणि या द्रावणाचे मीठ पावसात धुऊन जाते, म्हणून बांबू वळचणीच्या आत ठेवा.

१५. (विद्यार्थ्यांकडून) कार्बन मोजायला सॉफ्टवेअर कोणते घ्यावे?

पहिल्यांदा कागदावर मोजा. १५० चौरस मीटरचा पाच इंची स्लॅब म्हणजे साधारण १९ घनमीटर काँक्रीट. घनमीटरला ३५० किलो सिमेंट धरले तर साडेसहा टन. ओपीसी असेल तर त्याचे साडेपाच टनांच्या पुढे कार्बन डायऑक्साइड. सळी घनमीटरला ९० किलो, म्हणजे पावणेदोन टन, तिचे चार टनांच्या आसपास. एकूण साडेनऊ-दहा टन. ग्रिडच्या विजेत सांगायचे तर चौदा हजार युनिट. हा एक स्लॅब. आता सिमेंट बदलून पाहा, मग स्लॅबच्या ताणाच्या बाजूला जुनी कौले भरून फिलर स्लॅब करून पाहा, मग स्लॅबच काढून कौल घालून पाहा. कोणता बदल किती वाचवतो हे हाताने एकदा मोजले की विसरत नाही. सॉफ्टवेअर त्यानंतर.

१६. आम्ही मुंबईला असतो, गोव्यात वर्षातून पंधरा-वीस दिवस येतो. आम्हाला पूर्ण पर्यावरणपूरक बंगला हवा आहे. कराल का?

असे फोन आता सर्वांत जास्त येतात. अशा घरात वीज जवळजवळ लागतच नाही, त्यामुळे त्याचा जवळपास सगळा कार्बन बांधकामाचाच असतो. पंधरा दिवसांच्या मुक्कामासाठी स्लॅब, टाकी, कंपाउंड, रस्ता. सोलरने तो भरून निघत नाही. शिवाय बंद घर आमच्या पावसात बुरशी धरते, ओलीने लाकूड-कपाटे जातात आणि दर दोन-तीन वर्षांनी नवे येते.

मी त्यांना दुसरे सुचवते. गावातले एखादे बंद घर घ्या, दुरुस्त करा (प्रश्न ३), एक खोली आपल्यासाठी ठेवा आणि बाकीचे घर वर्षभर राहणाऱ्या कुटुंबाला भाड्याने द्या. घरात रोज चूल पेटली, खिडक्या उघडल्या, कुणी पन्हळ साफ केली की घर टिकते. बहुतेक जण आभार मानून फोन ठेवतात. दोघांनी ऐकले. त्यातल्या पेडण्याच्या घरात आज एक शिक्षिका राहते. मालक डिसेंबरात येतात तेव्हा बाजूच्या खोलीत उतरतात, आणि जूनच्या आधी कौले परतून घ्यायची आठवण तीच त्यांना फोनवर करून देते.